शेंदरातलं रिव्हॉल्व्हर

बंदुकीच्या दुकानात बाई बसलेली दिसली की लोक आधी पाटी वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि मग पुन्हा पाटी वाचायचे. एकदा तर एक गृहस्थ आत येऊन म्हणाले, "बाई, मालक जेवाले गेले का?" मी म्हटलं, "मालक हे काय बसून राहिले. बोला, काय पायजे?" ते बिचारे काडतुसं न घेताच गेले. दोन दिवसांनी परत आले, कारण भंडाऱ्यात दुसरं दुकान होतं कुठे?

तर सत्तर सालापासून पुढची वीस वर्षं मी त्या गल्ल्यावर काढली. शिक्षण म्हणाल तर सातवी नापास. लग्न होऊन आले तेव्हा मला बंदूक कोणत्या बाजूने धरतात हेही माहीत नव्हतं. धंदा सासऱ्यांचा, त्यांच्याकडून ह्यांच्याकडे आला. पण ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि नजर हळूहळू विझत गेली. मग मी शेजारी बसून सांगायची, "नळीवर मुकुट आहे, त्याखाली दोन अक्षरं आहेत, एक असं उभं, एक असं गोल." ते बोटं फिरवून सांगायचे, "मग ही विलायतेची. बर्मिंगहॅमची." असं करता करता मी इंग्रजी अक्षरं शिकले ती काडतुसांच्या डब्यांवरून आणि लोखंडावरून. पुस्तकातलं इंग्रजी मला आजही अडतं. लोखंडावरचं अडत नाही.

आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे धानवाले शेतकरी. रानडुकरं धानात शिरतात, म्हणून राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना असे. तिची नळी साफ करून दे, घोडा अडकला तो सोडवून दे, असलं काम. पुढे शिकारबंदीचा कायदा आला आणि मोठ्या घरांतल्या पेट्यांतून जुन्या बंदुका, पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर बाहेर पडू लागली. शिकारच नाही तर ठेवून काय करायचं? त्याच सुमारास नागपूरचे शौकीन लोक जुनी हत्यारं शोधत आमच्याकडे यायला लागले. परवानेवाले, पैसेवाले, आणि वस्तू हातात घेतली की लहान मुलासारखे होणारे. मग ओळखायचं कोणी आणि मोल सांगायचं कोणी? ते काम आमच्यावर आलं. डोळे माझे आणि बोटं ह्यांची.

जुनं असलं म्हणजे मोलाचं असतं असं नाही, हे लोकांना पटवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. रिव्हॉल्व्हर हातात आलं की पहिलं काम, ते भरलेलं आहे असंच समजायचं. घरमालकाने शपथ घेतली तरी. मग चकरी बघायची, म्हणजे गोळ्या बसतात ते फिरतं गोल. तिच्यावरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एकच आहे का? नसेल तर कोणीतरी दोन हत्यारांचं एक केलेलं आहे. मग शिक्के. विलायतेचा वेगळा, बेल्जमचा वेगळा. बेल्जमवाले विलायती मालाची हुबेहूब नक्कल करत, अक्षरंसुद्धा लांबून तशीच दिसतील अशी. आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त मोलाची गोष्ट म्हणजे कारखान्यातून आलेला मूळचा निळसर काळा रंग. तो एकदा गेला की गेला. तुमसरचे एक राइस मिलवाले शेठ होते. छान विलायती रिव्हॉल्व्हर, पण विकायला आणण्याआधी त्यांनी ते भांडी घासणाऱ्या बाईकडून चिंच आणि राख लावून चकचकीत करून आणलं. "बघा बाई, कसं लखलखून राहिलं." लखलखत होतं खरं. शिक्के पुसले गेले होते, रंग गेला होता, मोल गेलं होतं. मी म्हटलं, "शेठजी, याच्यानं आता तूर घोटा." ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि एक नाटक कंपनीवाला आला होता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं रंगतात. त्याने फडक्यात बांधून "राजाच्या काळचं पिस्तूल" आणलं, हातात घेतलं तर आंब्याच्या लाकडाचं, वर रुपेरी रंग. "पण बाई, शंभर खून केले यानं," तो म्हणाला. "स्टेजवर."

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ऐंशी सालचा उन्हाळा. विधानसभेची निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की सगळ्या परवानेवाल्यांना आपली हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, निकाल लागला की परत मिळतात. लाखनीकडच्या एका ठाण्यात नवीन ठाणेदार आले होते, साताऱ्याकडचे. त्यांनी माणूस पाठवून मला बोलावलं. ह्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून मी एकटीच एस.टी.ने गेले.

ठाण्याच्या ओसरीत म्हातारे नवरा-बायको बसलेले. म्हातारा उंच, सुकलेला, धोतर गुडघ्यापर्यंत. बाईच्या हातात पदराचं टोक, ते ती सारखं गुंडाळायची आणि सोडायची. आत टेबलावर लाल फडकं उघडून ठेवलेलं, आणि त्यावर एक शेंदरी गोळा. आपल्या गावच्या वेशीवर देवाचा धोंडा असतो ना, तसाच. आकार मात्र थोडा वाकडा.

"बाई," ठाणेदार म्हणाले, "हे काय आहे ते मला सांगा."

मी म्हटलं, "साहेब, ह्याच्याले पहिले कोणी हात लावला?"

"मीच. का?"

"भरलेलं असलं तर?"

त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

हकिकत अशी होती. म्हाताऱ्याचं नाव डोमाजी. जवळच्याच एका गावचे. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी तिथल्या तळ्याच्या पाळीचं, म्हणजे बांधाचं, काम चालू असताना एक इंग्रज इंजिनेर साहेब तिथे राहिला होता. डोमाजींच्या वडिलांनी त्याला अस्वलाच्या तावडीतून सोडवलं. जाताना साहेबाने आपलं रिव्हॉल्व्हर त्यांना दिलं, सगळी कागदपत्रं करून, परवान्यासकट. वडील गेल्यावर तो परवाना रीतसर डोमाजींच्या नावावर झाला. पण घरात कोणाला ते चालवायचंच नव्हतं. दसऱ्याला शस्त्रपूजा होते तेव्हा ते पाटावर निघे, त्याला तेलात कालवलेला शेंदूर लागे, आणि मग वर्षभर देव्हाऱ्यात. दरवर्षी नवा शेंदूर, जुना न काढता. असं चाळीसेक दसरे. दर निवडणुकीला पोटली ठाण्यात यायची, हवालदार हात जोडून फळीवर ठेवायचे, पावती द्यायचे. आजवर कोणी उघडून बघितलीच नव्हती. देवाचं फडकं सोडणार कोण?

नवीन ठाणेदारांनी सोडलं. आणि त्याच आठवड्यात डोमाजींचा चुलतभाऊ नामदेव ठाण्यात येऊन कानात सांगून गेला, की खरं रिव्हॉल्व्हर डोमाजीने चिखल्याच्या खाणीवरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला कधीचंच विकलं, शेंदराच्या आत गावठी कट्टा भरून ठेवलाय, लोखंडाचा तुकडा.

परवान्यावरचं हत्यार बाहेर विकणं म्हणजे साधी गोष्ट नाही. सरळ तुरुंग. पण डोमाजींच्या बाबतीत तेवढंच नव्हतं. ते त्या गावचे पाणकर होते. आमच्याकडे तळ्याखालच्या धानाला पाणी पाळीपाळीने मिळतं, आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ सोडायचं हे पाणकर ठरवतो. त्याच्याजवळ ना घड्याळ ना माप. त्याचा शब्द असतो. गावात कुजबुज सुरू झाली होती, की ज्यानं देव विकला तो पाणी नाही विकणार कशावरून? नामदेवचा राग तिथलाच होता. मागच्या साली त्याने पाळी नसताना पाणी मागितलं आणि डोमाजींनी दिलं नव्हतं.

"मले फाशी द्या साहेब," डोमाजी ओसरीतून म्हणाले, "पन मी इकलं नाई."

"फाशी कोणी देत नाही बाबा. नंबर दाखवा. परवान्यावर नंबर आहे, हत्यारावर नंबर असायला पाहिजे. जुळला की घरी जा."

"तो शेंदराच्या आत हाय."

"म्हणून तर बाईंना बोलावलंय. बाई, खरवडा."

हा शब्द त्यांनी उच्चारला मात्र, आणि भागरताबाई, म्हणजे डोमाजींची बायको, इतका वेळ गप्प बसलेली, ताडकन उठून टेबलापाशी आली आणि दोन्ही हातांनी तो गोळा झाकला.

"खरवडू नोका. देव हाय तो. माया सासूनं लावलेला शेंदूर हाय. नवऱ्याले नेता तं न्या, मी भाकर घेऊन येत जाईन. देवाच्या आंगाले चाकू नाई लावू देनार."

डोमाजी कपाळाला हात लावून म्हणाले, "ऐकलं का साहेब. मी जेलात गेलो तं चालते हिले."

हवालदार हसले. ठाणेदार हसले नाहीत, पण ओठ दाबले. आणि मी अडकले. खरवडायचं मलाही नव्हतं, पण माझं कारण वेगळं. वजन करून काही कळणार नव्हतं, शेंदूर म्हणजे शिसंच, जड असतो. लोहचुंबक चिकटून काही कळणार नव्हतं, गावठीही लोखंडाचंच असतं. आणि चाकू लावला असता तर खालचा नंबर, शिक्के, रंग, सगळं ओरखडलं असतं. असलंच काही खाली, तर.

मी गोळा न उचलता, नुसती खाली वाकून बघत राहिले. नळीच्या तोंडापाशी शेंदराला एक बारीक चीर होती. बांगडीची पितळी पीन काढून मी ती चिरेत सरकवली आणि पीन नाकाला लावली. जुन्या, खवट चरबीचा वास. साहेबाने देताना हत्याराला जाड चरबी चोपडलेली असणार, आणि ह्या लोकांनी ती न पुसता वरून पहिला शेंदूर लावला असणार. म्हणजे शेंदूर लोखंडाला चिकटलेलाच नव्हता.

मी विचारलं, "भागरताबाई, शेंदूर कायच्या तेलात कालवता जी?"

"जवसाच्या. घरचंच जवस हाय. धान निघाल्यावर बांधीत पेरतो."

ऐका आता. जवसाचं तेल वाळून कडक होतं. आणि जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर म्हणजे काय? रेल्वेच्या पुलांच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून जो लाल रंग देतात, तोच. आमचे हे मला एकदा वैनगंगेचा पूल दाखवायला घेऊन गेले होते. दुसऱ्या बायकांना नवरे पुलावरून पाणी दाखवतात. मला रंग दाखवला. तर ह्या घराने भक्तीने, काही ठाऊक नसताना, त्या हत्याराला चाळीस वर्षं पुलाचा रंग दिला होता.

मी भागरताबाईंना म्हटलं, "खरवडाचं नाही. चाकू लावाचा नाही. पण देव कवच सोडते का नाही कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं. आपल्याकडे शेंदूर लावलेल्या देवाचं असं होतं. थरावर थर चढतात, आणि एखाद्या वर्षी सगळा शेंदूर आपोआप उकलून गळून पडतो. देवाने कवच सोडलं म्हणतात. ते अशुभ नसतं, उलट गाव जेवायला घालतं. खरवडणं हे माणसाचं काम, कवच सोडणं हे देवाचं.

"सोडते," ती म्हणाली. "मांगं आमच्या मारोतीनं सोडलं होतं."

"मंग आपण फक्त उन्हात ठेवू. त्याले सोडाचं असन तं सोडन."

तिने हात काढले.

एक हवालदार म्हणाला, "बाई, चुलीवर धरू का? लवकर होईन." मी म्हटलं, "आणि आत काडतूस असलं तं तुमचंच लवकर होईन." मग ठाण्याची आगीसाठी भरून ठेवलेली वाळूची लाल बादली आणली, नळीचं तोंड वाळूत खुपसलं आणि बादली अंगणात ठेवली. सगळ्यांना ओसरीत मागे बसवलं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगून उपयोग नाही. उन्हाने काडतूस फुटत नाही, पण चरबी पातळ होते. भागरताबाई ओठांत काहीतरी म्हणत होती. डोमाजी तंबाखू मळत होते, ती मळून मळून भुगा झाली तरी तोंडात टाकेनात.

दुपार कलायला लागल्यावर मी बांबूची पातळ कामटी घेतली. लोखंडाला लोखंड लावायचं नाही, हे ह्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. चिरेतून कामटी आत गेली, अडली नाही, लोण्यात जावी तशी गेली. पलीकडून एक घातली. मग हलकेच पिळलं, आणि टक्क असा आवाज झाला. नारळाची करवंटी फुटावी तसे शेंदराचे दोन अर्धे माझ्या हातात आले.

आतून जे निघालं ते मी आयुष्यात एकदाच बघितलं. काळंभोर, निळी झाक असलेलं, चरबीने ओलं, जणू काल कारखान्यातून आलं. दस्त्यावरच्या बारीक चौकडीची एक रेघ मोडलेली नव्हती. मी चरबी पुसली आणि मधला खटका दाबून हत्यार उघडलं. सहा घरांची चकरी. पाच रिकामी, सहाव्यात काडतूस.

"भरलेलं," मी म्हटलं.

भागरताबाई म्हणाली, "अव माय. आमचे पोट्टे त्याच्या पाया पडत."

काडतूस काढून बाजूला ठेवलं. मग मी शिक्के वाचले. मुकुट, अक्षरं, सगळं बर्मिंगहॅमचं. बोर तीनशे ऐंशी, परवान्यावर तोच. चकरीवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एकच. मी मोठ्याने वाचला. ठाणेदारांनी परवाना बघितला आणि मान हलवली.

"जुळत नाही, बाई. परवान्यावरचा वेगळा आहे."

हवालदार डोमाजींकडे बघत होते. भागरताबाई कोणाकडेच बघत नव्हती. मी पुन्हा वाचला. तोच.

मग मला आमच्याच दुकानातली एक गोष्ट आठवली. एकदा साकोलीचा एक आणि पवनीचा एक, असे दोघे वेगवेगळ्या महिन्यांत आले, आणि दोघांच्या परवान्यांवर एकच नंबर. ह्यांनी हसून सांगितलं होतं, कारकून हत्यार हातात घेतो आणि पहिला जो नंबर दिसेल तो उतरवून घेतो. मी रिव्हॉल्व्हर फिरवलं. नळीच्या वरच्या पट्टीवर, बारीक अक्षरांत, पेटंट असा शब्द, आणि त्यापुढे परवान्यावरचा नंबर. जसाच्या तसा.

"हा बघा साहेब. लिहिणाऱ्यानं पेटंटचा नंबर लिहिला."

ठाणेदारांनी भिंग मागून घेतलं, बघितलं. माणूस सरळ होता, पण हुशारही होता. ते म्हणाले, "बाई, पेटंटचा नंबर म्हणजे त्या बनावटीच्या सगळ्याच रिव्हॉल्व्हरवर असणार ना?"

"असणार."

"मग हे तेच, कशावरून? तेव्हाचं विकलं असेल आणि ह्याच जातीचं दुसरं, बिनपरवान्याचं, आणून शेंदूर फासला असेल. मी वर काय लिहू?"

प्रश्न बरोबर होता. लोखंडाने जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं होतं. मी हातातल्या शेंदराच्या अर्ध्या करवंटीकडे बघत बसले. तिची कड बोटभर जाड होती, आणि त्या कडेत कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. एक शेंदरी थर, मग निरांजनाच्या काजळीची पुसट रेघ, मग पुन्हा शेंदरी.

मी नुसतं म्हटलं, "साहेब, हे दसरे आहेत."

त्यांना लगेच कळलं. ते उठून माझ्याकडे आले, करवंटी घेतली आणि पाठीमागे धरली. "थांबा. कोणी बोलू नका. भागरताबाई, इकडे या. दरवर्षी शेंदूरच लावलात?"

"हाव जी."

"एकाही वर्षी चुकलं नाही?"

तिने थोडा विचार केला. "सासू मेली त्या साली सुतक होतं, तवा नाई लावला. अन् माया लग्नाच्या साली शेंदूर नोता भेटला."

"का?"

"लढाई होती ना जी. बाजारात काईच भेटे नाई. मंग सासूनं गेरू लावला. भितीले लावतो तो. मी नवी नवरी, मलेच कालवाले सांगितला. हात लाल झाले तं ननदा हासत होत्या, म्हने मेंदी पुन्ना लावली काय वयनीनं."

ठाणेदार करवंटी घेऊन खिडकीपाशी गेले. भिंग लावलं. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत उभे. मग म्हणाले, "बाई, तुमची नजर चांगली आहे. या."

आतल्या बाजूने थोड्याच थरांनंतर, सगळ्या शेंदरी रेघांमध्ये एकच रेघ. तपकिरी, मातकट. गेरूची. पुढे तिच्यावर साऱ्या संसाराचे दसरे चढलेले. म्हणजे हे हत्यार लढाईच्या काळापासून ह्याच कवचात होतं, मधे कोणी बदललेलं नव्हतं.

मी भागरताबाईला जवळ बोलावून दाखवली. तिने बोट लावलं नाही, नुसतं बघितलं आणि म्हणाली, "थोच हाय." मग नवऱ्याकडे वळून, "पाह्यलं? तुमी म्हनत होते गेरूनं देव नाराज होते."

डोमाजींनी तंबाखूचा भुगा झटकून टाकला.

ठाणेदारांनी तिथेच बसून लिहिलं, आणि नंबराची दुरुस्ती वर पाठवली. नामदेवला बोलावून त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण तो बाहेर आला तेव्हा त्याची टोपी हातात होती. निकाल लागेपर्यंत हत्यार माझ्या दुकानात जमा ठेवायचं ठरलं. ते मी भंडाऱ्याला आणलं आणि काही न बोलता ह्यांच्या हातात दिलं. ह्यांना तेव्हा नुसता उजेड-अंधार कळत होता. त्यांनी नळीवरून अंगठा फिरवला, चकरी बोटाने एक घर फिरवली, कानाशी धरून खटक्याचा आवाज ऐकला.

"नवीन आहे गं हे," ते म्हणाले.

"पन्नासेक वर्षांचं आहे."

"तेच म्हणतो मी." आणि मग बराच वेळ त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

बातमी नागपूरला पोचली, शौकीन लोक येऊन गेले. मूळचा रंग, सगळे नंबर एक, दस्ता मूळचा, आणि एका घरात एकच मालकी. मी जे मोल सांगितलं ते दोन उमद्या बैलजोड्यांच्या वर होतं, आणि घेऊ म्हणणाऱ्याने घासाघीस केली नाही. डोमाजी हत्यार घ्यायला आले तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. ते बोटांवर हिशेब करायला लागले. बैलजोडी म्हटल्यावर कोणता शेतकरी हिशेब करणार नाही? पण भागरताबाई म्हणाली, "देवाची किंमत कराले कोनं सांगितलं तुमाले बाई?" मी म्हटलं, "सरकारनं. माया तोच धंदा हाय." मग ती हसली, आणि पोटली छातीशी धरून निघाली. आता दसऱ्याला काय लावायचं, हे मात्र तिने परत वळून विचारलं. मी तेलाची बाटली दिली आणि सांगितलं, हत्याराला हे तेल, शेंदराचा टिळा फडक्याला. एक गोष्ट मला लागून राहिली. करवंटीचे दोन्ही अर्धे तिने तळ्यात शिरवले, विसर्जन केलं. तिचं बरोबरच होतं. पण तसले चाळीस थर पुन्हा कोणी लावणार नाही, आणि ते फोडणारी मी.

भाद्रपदात पावसाने ओढ दिली. धान पोटरीला आलेलं आणि बांधी कोरड्या पडायला लागल्या. तेव्हा डोमाजींचा निरोप आला, "तुडूम उघडाचा हाय, बाईनं यावं." तुडूम म्हणजे तळ्याचं पाणी सोडण्याचं दार. मी आणि हे, दोघेही गेलो. पाळीवर सारं गाव जमलेलं. उन्हाळ्यात ह्याच गावाने पाणकर बदलायचं घाटलं होतं. आता तुडुमाची खुंटी डोमाजींच्याच हातात होती. त्यांनी ती उचलली, पाणी पाटात उतरलं, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले, पहिलं कोणाचं.

नामदेव सगळ्यांच्या मागे, पळसाच्या झाडाखाली उभा होता.

"नामदेव," डोमाजींनी हाक मारली, "फावडा घे. पाळी तुई हाय."

मी त्यांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "डोमाजीभाऊ, याले शेवटी दिलं असतं तं काय झालं असतं?"

"पाळी त्याची हाय, माय," ते म्हणाले, जसं काही मी भलतंच विचारलं.

नामदेवने खाली मान घालून बांध फोडला. पाणी त्याच्या धानात शिरलं. डोमाजी पाटाच्या कडेला उकिडवे बसले आणि त्याच्या बांधीत पाणी पुरतं चढेपर्यंत तिथून हलले नाहीत.